करवत धरायला लाज कसली?

आमच्या वस्तीतल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत जुना कॉम्प्युटर आला. ठेवायचा कुठे? तो पत्र्याच्या पेटीवर ठेवला. बारावीतली मुलगी त्याच्यासमोर मांडी घालून, वाकून अभ्यास करायची. पेटीतलं काही काढायचं झालं की कॉम्प्युटर खाली आणि अभ्यास बंद. दुकानातलं टेबल त्या घराला परवडणारं नव्हतं. आम्ही ठरवलं, आपणच बनवू.

तेव्हा आमच्यातलाच एक शिकलेला मित्र म्हणाला, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, ते काय सुतारकाम करायला?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आमच्या आज्या-आजोबांनी आयुष्यभर सक्तीची कामं उपसली आणि आपल्या लेकरांच्या हातात लेखणीच यावी, अशी इच्छा धरली. त्या इच्छेचा आम्हाला आदर आहे. पण बाबासाहेबांचा आक्षेप श्रमाला नव्हता. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की जात कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडते. सुताराचा मुलगा सुतार, महाराचा मुलगा येसकर. निवड कुणालाच नाही. आपल्या मर्जीनं, आपल्या घरासाठी करवत उचलणं म्हणजे हा कप्पा मोडणं आहे. उलट हातानं काम करणारा हलका, ही समजूत मनुवादाची आहे. शिकल्यावरही आम्ही तीच बाळगणार असू, तर शिकून काय मिळवलं?

आता टेबलाचं सांगतो, म्हणजे दुसऱ्या वस्तीतही करता येईल. १८ मिलिमीटर जाडीची, आठ बाय चार फुटांची प्लायची एक शीट आणली. दुकानातच मशीनवर तिच्या लांबीत पट्ट्या कापून घेतल्या : दोन २० इंच रुंदीच्या, दोन साडेतीन इंच रुंदीच्या. २० इंची एका पट्टीतून ३६ इंचांचा वरचा फळा आणि २८ इंच उंचीच्या दोन बाजू निघाल्या. अरुंद पट्टीतून साडेचौतीस इंचांच्या दोन आडव्या पट्ट्या निघाल्या. त्या मागच्या बाजूला बसवायच्या, एक फळ्याखाली, एक जमिनीजवळ. त्या नसल्या तर टेबल डुगडुगतं. सांध्याला गोंद लावायचा, आधी बारीक भोक पाडायचं, मग दोन इंची स्क्रू पिळायचा. भोक न पाडता स्क्रू मारला की प्लायची कड फाटते. वस्तीतले मिस्त्रीकाका प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून बघत होते. मापं त्या मुलीनंच घेतली, शेवटचा स्क्रूही तिनंच पिळला. आणि एका शीटमधून अशी दोन टेबलं निघतात. दुसरं शेजारच्या घरात गेलं.

एवढ्याशा टेबलाचं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांनी आठवावं, शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला वेगळं गोणपाट होतं. ते रोज घरून न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे. शिकणाऱ्याला बसायची जागा नाकारणं हे जातीचं जुनं हत्यार आहे. आज गोणपाट नाही, पण अभ्यासाची हक्काची जागा किती घरांत आहे? मुलीसाठी तर आणखीच कमी. टेबल आल्यापासून त्या घरात कुणी तिला "जरा उठ गं" म्हणत नाही. तो कोपरा तिचा झाला आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. विहारात एक ड्रिल मशीन, एक करवत, एक गुण्या आणि एक मेजरटेप ठेवा. मिस्त्रीकाकांना मानानं बोलवा, ते सांगतील तसं शिका. सगळ्यांना पुरेशी घरं मिळावीत यासाठीचा लढा चालूच राहील. तोवर आहे त्या खोलीत अभ्यासाची जागा करणं आपल्या हातात आहे.

जय भीम!