मैदान सर्वांना उघडे आहे का?

गेल्या रविवारी विहारातली वंदना आटोपली आणि आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी आम्हाला जिन्यापाशीच थांबवले. म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता, एक सांगा. नातवाला तिकडं बेसबॉलमधी घालायचं चाललंय. दोन जागा बघून ठेवल्यात. पोरगा म्हणतो हिथं घालू, सून म्हणते तिथं घालू. आता दोघं मलाच विचारत्यात, आई तुझं मत काय? मला त्यातलं काय कळतंय?"

मावशींनी तीस वर्षे महानगरपालिकेत झाडू मारला. मुलगा पालिकेच्या शाळेत शिकला, शिष्यवृत्तीवर इंजिनियर झाला आणि आज अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरीला आहे. नातू आठ वर्षांचा आणि त्याच्या पाठची नात सहा वर्षांची. आपल्या समाजातली अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. आजी इकडे दोन खोल्यांत आणि नातवंडे सातासमुद्रापार. रात्री मोबाइलवर तोंड दिसते, तेवढीच गाठभेट.

आम्ही म्हणालो, "मावशी, बेसबॉल आम्हीही कधी खेळलो नाही. पण माहिती काढून सांगतो." त्यावर मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "गावाला माझ्या भावाला पोरं खेळायला बोलवायची. पण चेंडू आणून द्यायला. ओढ्यात गेला, काट्यात गेला, की ह्यानं आणायचा. बॅट कधी हातात दिली न्हाई. तिकडं माझ्या नातवाला बॅट देतील ना?"

वाचकहो, आम्हाला काही कळत नाही म्हणणाऱ्या मावशींनी खरा प्रश्न विचारला होता. मूल कुठल्याही खेळात घालायचे असो, आईबापांनी सर्वांत आधी हाच प्रश्न विचारावा, असे आम्हाला माहिती काढता काढता पटत गेले. ती माहिती आज सर्वांसाठी देत आहोत.

प्रथम खेळ समजून घेऊ. बेसबॉलमध्ये एका संघाचे नऊ जण मैदानात असतात. चेंडू टाकणारा तो पिचर. क्रिकेटसारखा टप्पा टाकायचा नाही, चेंडू सरळ हवेतून येतो. बॅट गोल, मुसळासारखी. चेंडू मारला की चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरचे चार टप्पे, म्हणजे बेस, ओळीने गाठायचे आणि घरी परत यायचे, म्हणजे एक धाव. लहान मुलांच्या मैदानात दोन बेसमधले अंतर ६० फूट असते. त्याहूनही लहान, चार-पाच वर्षांची मुले असली तर चेंडू कुणी टाकत नाही. कमरेइतक्या उंच खांबावर तो ठेवलेला असतो आणि मुलाने तो मारायचा. याला टी-बॉल म्हणतात.

आता मावशींच्या घरातल्या दोन जागा. सूनबाई म्हणतात ती आहे गावातली लिटल लीग. १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी ही सुरू केली. लाकडाच्या वखारीत काम करणारा हा साधा माणूस. आपल्या भाच्या-पुतण्यांना मोठ्यांच्या मैदानावर खेळणे जमत नाही, हे त्याने पाहिले आणि मैदान लहान करून मुलांपुरते बसवले. पहिल्या वर्षी अवघे तीन संघ होते. आज ही चळवळ अनेक देशांत पसरली आहे. मूल ज्या भागात राहते किंवा शिकते, त्या भागातल्या लीगमध्ये ते खेळते. प्रशिक्षक बहुधा मुलांचेच आईबाप असतात, पगार न घेणारे.

मुलगा म्हणतो ती दुसरी जागा म्हणजे खाजगी संघ. त्याला तिकडे ट्रॅव्हल टीम म्हणतात. हे संघ चाचणी घेऊन निवडक मुले घेतात, त्यांना पगारी प्रशिक्षक देतात आणि गावोगावच्या स्पर्धांना नेतात. शनिवार-रविवार प्रवास, हॉटेलचा मुक्काम, गणवेश, प्रवेशशुल्क असे सगळे धरले तर वर्षाकाठी हजारो डॉलरांपर्यंत खर्च जाऊ शकतो. मावशींचा मुलगा म्हणतो, "आई, आपल्याला काही मिळाले नाही. माझ्या मुलाला सगळे चांगले मिळाले पाहिजे." त्याच्या या बोलण्यामागची कळ आपल्याला कळते. पण महाग ते चांगले, हा हिशेब मुलाच्या बाबतीत तपासून घ्यावा लागतो.

मावशींचा प्रश्न घेऊनच तपासू. बॅट हातात मिळेल का? लिटल लीगमध्ये याचे उत्तर कुणा प्रशिक्षकाच्या मर्जीवर ठेवलेले नाही, ते नियमात लिहिले आहे. हंगामातल्या प्रत्येक सामन्यात संघातल्या प्रत्येक मुलाला निदान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे आणि समोरचे सहा गडी बाद होईपर्यंत तरी मैदानात उभे राहायला मिळाले पाहिजे. संघात मुले फार असली तर क्षेत्ररक्षणाच्या आकड्यात थोडा फरक होतो, पण मूल नुसते बाकावर बसवून ठेवता येत नाही. दुसरे असे की, घरच्यांना शुल्क भरता येत नाही म्हणून मुलाला परत पाठवायचे नाही, असेही या संस्थेचे धोरण आहे. खाजगी संघाला असा कुठलाच सामायिक नियम बांधील नाही. तिथे सामना जिंकणे महत्त्वाचे ठरले, की कच्चा मुलगा बाकावर बसतो. पैसे भरूनही बसतो!

परंतु नियम कागदावर असणे वेगळे आणि दार उघडे असणे वेगळे, हे आपल्याइतके कोण जाणते? ही लिटल लीगसुद्धा सदैव आजच्यासारखी नव्हती. १९५५ सालची गोष्ट. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा काळ्या मुलांचा संघ होता. मुले अकरा-बारा वर्षांची. जॅकी रॉबिन्सन मोठ्यांच्या लीगमध्ये खेळू लागून तेव्हा आठ वर्षे झाली होती, म्हणून या मुलांनाही वाटले की आपणही पुढे जाऊ. त्यांनी राज्याच्या स्पर्धेत नाव घातले. तर काय व्हावे? राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या ६१ लीगांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. काळ्या मुलांशी खेळायचे नाही!

समोर कुणी उरलेच नाही, म्हणून कॅनन स्ट्रीटची मुले राज्याची विजेती ठरली. पण पुढच्या फेरीला त्यांना घेतले नाही. कारण काय, तर नियमाप्रमाणे खेळून जिंकलेला संघच पुढे जातो आणि तुम्ही खेळलाच नाहीत! ज्यांनी खेळायला नकार दिला त्यांचा दोष, शिक्षा मात्र खेळायला आलेल्यांना. पुढे या मुलांना विल्यम्सपोर्टच्या अंतिम स्पर्धेला पाहुणे म्हणून बोलावले गेले. बसने एवढा लांबचा प्रवास करून मुले गेली आणि प्रेक्षकांत बसली. तिथले लोक ओरडू लागले, यांना खेळू द्या, खेळू द्या! तरी त्यांना खेळवले नाही. त्या वर्षीच्या राज्यविजेतेपदाचा ध्वज लिटल लीगने त्यांना २००२ साली दिला. ४७ वर्षांनी! बारा वर्षांची मुले तोवर साठीकडे झुकली होती.

फुटून गेलेल्या गोऱ्यांनी आपली वेगळी संघटना काढली आणि वर्णाप्रमाणे वेगळे खेळावे, हे तिच्या नियमांतच लिहून ठेवले. आज ती संघटनाही सर्वांना खुली आहे. परंतु तेव्हाच्या एखाद्या बापाने मुलासाठी लीग निवडताना फक्त मैदान किती हिरवे आहे एवढेच पाहिले असेल, तर त्याने काय पाहायचे ठेवले, हे आता आपल्या ध्यानात येईल.

हे वाचताना आपल्याला पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची कामे करीत असे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत असे. पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्या गोलंदाजीची गरज पडली. मैदानात त्याने टाकलेल्या चेंडूला सर्वांनी हात लावला, पण चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. चार्ल्सटन असो की पुणे, खेळायला घेणे आणि बरोबरीने घेणे यांतले अंतर तेच.

मुलींचेही तसेच झाले. १९७२ साली न्यू जर्सीतल्याच होबोकन गावी मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी लिटल लीगमध्ये तीन सामने खेळली आणि मुलगी म्हणून तिला थांबवण्यात आले. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेले, निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ साली लिटल लीगने मुलींना दार उघडले. मारियाचे वय तोवर उलटून गेले होते, पण तिच्यामागच्या मुली खेळल्या. २०१४ साली फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या काळ्या मुलीने अंतिम स्पर्धेतला सामना समोरच्या संघाला एकही धाव न देता जिंकून दिला. तेव्हा मावशी, नातीचेही नाव घाला म्हणावे. सहा वर्षांची आहे, म्हणजे टी-बॉलला अगदी योग्य!

आता शरीराचा प्रश्न. वाढत्या मुलाच्या कोपरातली हाडे टोकाला अजून मऊ असतात. जोरात चेंडू टाकणे वारंवार आणि बारा महिने चालले तर तिथे इजा होते. मोठ्या खेळाडूंच्या कोपरावर होणारी शस्त्रक्रिया तिकडे शाळकरी मुलांवरही करावी लागू लागली. म्हणून २००७ सालापासून लिटल लीगने दिवसाला किती चेंडू टाकायचे ते ठरवून दिले. सात-आठ वर्षांच्या मुलाला ५०, नऊ-दहाला ७५ आणि अकरा-बाराला ८५. एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर पुढे ४ दिवस त्याने पिचर व्हायचे नाही. पण मूल एकाच वेळी दोन संघांत खेळत असेल तर दोन्हीकडची बेरीज कोण करणार? ती आईबापांनीच वहीत मांडली पाहिजे. चार महिने खेळ झाला की चेंडूफेक बंद करावी आणि फुटबॉल, पोहणे, काहीही करू द्यावे.

मग खाजगी संघ वाईटच का? तसे आम्ही म्हणत नाही. मूल तेरा-चौदाचे झाले, स्वतःहून मागू लागले आणि घरच्या पैशाला झेपले, तर जरूर पाहावे. आठव्या वर्षी मात्र मुलाला खेळाची गोडी लागली आणि मित्र मिळाले, की पुष्कळ झाले.

मावशींनी फोनवर मुलाला काय विचारावे, ते आम्ही कागदावर लिहून दिले. प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात खेळायला मिळते, असा लेखी नियम आहे का? चाचणी घेता ती कशासाठी, मुले गाळायला की संघ सारखे वाटून घ्यायला? मुलांजवळ येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पूर्वीची पोलिसी माहिती तपासली जाते का? लिटल लीगमध्ये ही तपासणी दरवर्षी सक्तीची आहे, इतरत्र स्वतः विचारावे. टाकलेले चेंडू कोण मोजतो? आणि शेवटचे म्हणजे, नाव घालण्याआधी एक सामना कडेला उभे राहून पाहावा. संघातल्या सर्वांत कच्च्या मुलाकडून झेल सुटला, की प्रशिक्षक त्याच्याशी कसा बोलतो ते ऐकावे. आपले मूलही एखाद्या दिवशी त्याच जागी असेल.

परवा मावशी भेटल्या. सून आणि मुलगा दोघे मिळून गावातल्या लीगचा सामना पाहून आले. एका मुलाला तीनदा चेंडू लागला नाही, तो रडवेला झाला. तर प्रशिक्षकाने खाली बसून त्याच्या हेल्मेटचा पट्टा नीट केला आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बॅट दिली. मुलाने आईला फोनवर एवढेच सांगितले, "आई, देतात बॅट." दोघांचीही नावे घातली आहेत.

असो. आता एक प्रश्न आपल्यालाही. जयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्तीवस्तीत क्रिकेटचे सामने होतात, बक्षिसे लागतात, लाउडस्पीकर वाजतो. त्या मैदानाच्या कडेला लहान पोरे आणि आपल्याच मुली उभ्या असतात. चेंडू गटारात गेला की धावतात, आणून देतात. त्यांच्या हातात बॅट किती वेळा जाते? येत्या रविवारी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढे पाहावे. सामन्याआधी अर्धा तास का होईना, आधी त्यांना खेळू द्या.

जयभीम!