दुसरी गाडी शेवटच्या पाच किलोमीटरसाठी

दादा-वहिनी दुसरी गाडी घेतायत. छोटी, पेट्रोलवाली. दादाची एसयूव्ही आहेच, ही वहिनीसाठी. 'अगं, मायलेज बघ, पैसे वाचतात!' हे दादाचं सध्याचं पालुपद. म्हणून मी हिशेबच मांडला.

वनाज ते खराडी, जाऊन-येऊन साधारण 40 किलोमीटर. महिन्याला 22 दिवस, म्हणजे 880. लिटरला 20 देणाऱ्या गाडीला 44 लिटर लागतील, 12 देणाऱ्या एसयूव्हीला 73. वाचले 29 लिटर, जेमतेम तीन हजार रुपये. हप्ता नऊ हजारांचा! शिवाय वहिनी एसयूव्हीने जातच नाही, मेट्रोने जाते. मग वाचलं काय?

वहिनीला विचारलं तर म्हणाली, 'मेट्रो मस्तच आहे गं. पण ती रामवाडीला संपते. तिथून ऑफिस पाचेक किलोमीटर. रात्री दहाला शिफ्ट सुटली की रिक्षावाले नाही म्हणतात, आणि मी फूटपाथवर फोन कानाला लावून उभी.'

ट्रॅफिकवर तावातावाने बोलणारी मी यावर गप्प झाले. तिला 'गाडी घेऊ नकोस' म्हणायची माझी हिंमत नाही. पण शिफ्ट सुटायच्या वेळी ऑफिस ते रामवाडी एक भरवशाची बस असती, तर ही गाडी रस्त्यावर आलीच नसती, हे मात्र नक्की.

गंमत म्हणजे वहिनीला सकाळी अजूनही मेट्रोनेच जायचंय. पण मग रात्री ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी येणार कुठून?