महाडचा धडा अर्धा नको

राज्यातील शाळांत सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम येत असताना इतिहासातील अन्यायाची पाने गाळू नयेत आणि गुळमुळीतही करू नयेत, अशी आमची ठाम भूमिका आहे.

अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी म्हणून एनसीईआरटीने 2022 मध्ये सहावीच्या पुस्तकातील वर्णव्यवस्थेवरचा मजकूर कापला. हीच कात्री रायगडमधील महाडच्या इतिहासाला लागली, तर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले, एवढेच मुलांना कळेल. परतणाऱ्या सत्याग्रहींना झालेली मारहाण, नंतर तळ्याचे केलेले ‘शुद्धीकरण’ आणि उच्च न्यायालयात 1937 पर्यंत चाललेला लढा गळून जाईल.

अशा काटछाटीचा परिणाम रायगडमधल्याच साजगाव परिसरातील वर्गांतही दिसेल. कातकरी आदिवासींच्या वाडीवरच्या मुलीला वेठबिगारीचा इतिहास पुस्तकात भेटला नाही, तर घरातल्या दारिद्र्याचा दोष ती आईबापांनाच देईल आणि शेजारच्या बाकावरचा मुलगाही तेच खरे मानेल. नाझींनी केलेल्या सुमारे 60 लाख ज्यूंच्या संहाराचा इतिहास जर्मनी आपल्या मुलांना शाळेतच शिकवते. त्याने तो देश दुबळा झालेला नाही.

बालभारतीने महाडचा संपूर्ण घटनाक्रम आणि वेठबिगारी संपवणारा 1976 चा कायदा पाठ्यपुस्तकात घ्यावा. जिल्हा परिषदेने हे विषय शिकवण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना द्यावे. वर्गात न सांगितलेला अन्याय वर्गाबाहेर बिनदिक्कत चालू राहतो, हे सरकारने विसरू नये.