अंगणातील सायकस

झावळ्यांचा रविवार जवळ येऊ लागला की, अंगणात सायकस लावावा काय, अशी पृच्छा आमच्याकडे होते. झाड देखणे, बारमाही हिरवे, दिसण्यात बुटक्या माडासारखे. परंतु माडाशी त्याचे काहीएक नाते नाही. त्याला फुले येत नाहीत, आणि नर व मादी झाडे निरनिराळी असतात.

बागांतून बहुधा दिसणारी जात मूळची दक्षिण जपानातील. क्योटो येथील निजो किल्ल्याच्या बागेत हिवाळ्यात माळी या झाडांना पेंढ्याने गुंडाळून ठेवतात; तेथे भय हिमाचे. येळ्ळुरास हिम कोठले? येथे त्याचा वैरी म्हणजे साचलेले पाणी. ज्या खाचरात भात जोमाने वाढते, त्याच मातीत याचा गड्डा कुजतो. म्हणून हातभर उंचवटा करावा, मातीत मुरूम व वाळू सढळ हाताने मिसळावी, थोडे कुजलेले शेणखत घालावे आणि गड्ड्याचा माथा मातीवर राहील असे रोप लावावे. आळे करू नये. पुढे मात्र धीर हवा. सायकस वाढण्याची घाई करीत नाही.

वाचकहो, एक गोष्ट रोप आणण्यापूर्वीच ध्यानी घ्यावी. हे झाड विषारी आहे, आणि त्याच्या शेंदरी बिया तर विशेषच. १९२०च्या दशकात साखरेचे भाव कोसळले, तेव्हा ओकिनावा बेटांतील गरिबांनी सायकसच्या खोडाचे व बियांचे पीठ खाऊन दिवस काढले. विष नीट काढून न टाकता ज्यांनी ते खाल्ले, त्यांतील कित्येक दगावले. त्या काळास तेथे 'सायकसचा नरक' म्हणतात. नरक हा शब्द आम्ही सहसा सैलपणे वापरीत नाही. येथे तो योग्यच वाटतो. तेव्हा वासरे, कुत्री व लहान मुले जेथे वावरतात तेथे मादी झाड नकोच, आणि असलेच तर बिया पिकण्याआधी वेचून पुरून टाकाव्यात. मुलाने बी चघळल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. ते बी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

रोप रोपवाटिकेतूनच घ्यावे, अथवा शेजाऱ्याच्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेले पिल्लू मागून आणावे. सह्याद्रीच्या रानात याचा एक भाऊबंद आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. त्याला कुदळ लावू नये.

आणि त्या रविवारी खालच्या फेरातील दोन-तीनच झावळ्या काढाव्यात. या झाडाला बहुधा वर्षातून एकदाच नवा फेर येतो.