विलायती विद्येचें दुकान आणि कुणब्याचें पोर

कुणबी, माळी, आगरी, कोळी, सुतार, लोहार बंधुभगिनींनो, एके काळीं समुद्र ओलांडणें हें पाप होतें. विलायतेहून परतणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे, आणि तें सांगणारा दक्षिणा घेई. पुढें ज्यांच्या वाडवडिलांनीं हें पाप ठरविलें त्यांचींच मुलें आधीं बोटींत चढलीं, आणि पाप आपोआप नाहींसें झालें. आमच्या पोरांपुरता निषेध मात्र अजून उठलेला नाहीं. तो पूर्वीं पोथीचा होता, आतां पैशाचा आहे.

आतां म्हणे समुद्र ओलांडण्याचीच गरज नाहीं; विलायत आपल्या दारीं येत आहे. २०२३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें परदेशी विद्यापीठांस येथें शाखा काढण्याचे नियम केले. जून २०२५ मध्यें मुंबईंत अॅबर्डीन, यॉर्क वगैरे पांच परदेशी संस्थांस सरकारनें इरादापत्रें दिलीं. नव्या मुंबईंत विमानतळाजवळ अशा विद्यापीठांचें एक नगरच वसविण्याचा बेत आहे.

नियम काय म्हणतात तें नीट ऐका. फी किती घ्यावी हें त्या विद्यापीठानें ठरवावें. कोणास घ्यावें हेंही त्यानेंच ठरवावें. राखीव जागांचें बंधन त्यावर नाहीं. गरिबास फींत सवलत द्यावीशी वाटली तर त्यानें द्यावी. उरलेला पैसा कायद्याच्या चौकटींत मायदेशीं न्यावा. कोणी म्हणतात, यामुळें आपला पैसा देशांत राहील. पैसा न्यावयाची वाट नियमांतच मोकळी ठेविली असतां हें कोणास सांगतां?

आणि हें दुकान मांडावयाचें कोणाच्या जमिनीवर? नवी मुंबई कांहीं आभाळांतून पडली नाहीं. पंचाण्णव गांवांतील आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर ती उभी आहे. जानेवारी १९८४ मध्यें योग्य मोबदला मागतांना उरण तालुक्यांत पांच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारांत पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या त्या लढ्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व सरकारास मान्य करावें लागलें. ज्याच्या रक्तानें ती भूमि भिजली, त्याच्या नातवानें तेथल्या विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकरी म्हणूनच उभें राहावें काय?

महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हीच तक्रार मांडली होती: कर रयत भरते, आणि वरची विद्या वरचे लोक घेतात.

आम्ही परदेशी विद्येचे वैरी नाहीं. उलट तिचें मोल आमच्याइतकें कोणास कळणार? सयाजीराव महाराजांनीं १९१३ सालीं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली, म्हणून बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कास पोंचले. १९१७ सालीं मुदत संपली, तेव्हां लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. बुद्धि आटली नव्हती, पैसा आटला होता! १९२० सालीं स्वतःची पुंजी, स्नेह्याचें कर्ज आणि शाहू महाराजांची मदत मिळून ते पुन्हां गेले आणि डॉक्टर होऊन आले. दोन राजांस जें उमगलें तें लोकांच्या राज्यास उमगूं नये?

आम्ही खेड्यांत मुलें शिकवितों. मातींत बोटानें अक्षर गिरविणारीं हीं पोरें अकलेंत कोणास हार जात नाहींत, हें आम्ही रोज पाहतों. त्यांस भीक नको, हिस्सा पाहिजे. जमिनींत साडेबारा टक्क्यांचा न्याय झाला. मग त्या जमिनीवरच्या विद्यापीठांत निदान तितक्या जागा बिनफीच्या कां नसाव्यात? ही अट जमीन देण्यापूर्वींच करारांत लिहून घ्या. दुकान थाटल्यावर दुकानदार ऐकत नाहीं.

बंधूंनो, ग्रामसभेंत हा ठराव करा. मतें मागावयास पुढारी दारीं आला म्हणजे त्यास चहा जरूर पाजा. पण कप हातांत देण्याआधीं विचारा, ‘आमच्या पोराची जागा कोठें आहे?’