कर्नलला स्वतःची चूक सापडली, तर फोन बंद पडावा का?

गेल्या महिन्यात मी एक ऑनलाइन फॉर्म भरत होतो. फी भरायचं बटण दाबलं आणि फोन आपोआप रीस्टार्ट झाला. ना सूचना, ना कारण. पैसे गेले की राहिले, हे कळेपर्यंत अर्धा तास जीव टांगणीला! अशा वेळी आपण म्हणतो, 'फोनच भंगार आहे.' पण कधीकधी हा रीस्टार्ट मुद्दाम केलेला असतो.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. मेमरी, प्रोसेसर, स्टोरेज सगळं तोच सांभाळतो. त्याच्या कोडमध्ये जागोजागी तपासण्या असतात: 'इथे हा आकडा शून्य असूच शकत नाही', वगैरे. तो शून्य निघालाच, तर दोन मार्ग. 'बग-ऑन' म्हणजे काम तिथेच थांबवा. 'वॉर्न-ऑन' म्हणजे नोंद करा आणि पुढे चला.

थांबवण्यामागे कारण आहे. मेमरीत गडबड असताना काम चालू ठेवलं, तर चुकीचा डेटा स्टोरेजवर लिहिला जाऊ शकतो किंवा हल्लेखोराला वाट मिळू शकते. पण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा 'बग-ऑन'ला अनेक वर्षं विरोध आहे. मशीनच मेलं, तर चुकीची नोंदही हाती लागत नाही, मग दुरुस्ती कशी करणार? आता कर्नलचे नियमच सांगतात की नव्या कोडमध्ये 'बग-ऑन' नको; इशारा द्या आणि शक्य तितकं सावरा. ज्याला इशाऱ्यावरही मशीन थांबवायचं आहे, त्याने 'पॅनिक-ऑन-वॉर्न' ही सेटिंग चालू करावी.

थांबण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे 19 जुलै 2024 ला दिसलं. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे विंडोज कर्नलमधला त्यांचा कोड भलतीच मेमरी वाचायला गेला आणि विंडोजने मशीन थांबवलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख कॉम्प्युटर बंद पडले. भारतातही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. थांबणं एकवेळ समजू शकतं, पण सुरू होताना तीच फाइल पुन्हा लोड व्हायची आणि मशीन पुन्हा पडायचं.

म्हणून मला वाटतं, थांबायचं की नाही हे तपासणी लिहिणाऱ्या प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. सर्व्हरवर ते मालक ठरवतो. फोनवर मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. कर्नलमध्ये गंभीर बिघाड झाला की अँड्रॉइड फोन रीस्टार्ट होतो, आणि ते मला पटतं. बिघडलेल्या मेमरीवर बँकेचं ॲप चालवण्यापेक्षा ते बरंच. पण फोन चालू झाल्यावर 'कर्नलमधल्या बिघाडामुळे रीस्टार्ट झाला' एवढी एक ओळ तरी दाखवा की!

तोवर काय करायचं? पेमेंट करताना फोन रीस्टार्ट झाला, तर आधी बँकेचं स्टेटमेंट बघा, मगच पुन्हा पैसे भरा. आणि हे वारंवार होत असेल, तर सिस्टम अपडेट पुढे ढकलू नका.