नर्स आहेत, पण खाटेजवळ नाहीत

तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. शहापूर-मुरबाडच्या नर्सिंग शिकलेल्या मुलीही बहुतेक त्याच वाटेनं जातात. मग ‘ग्रामीण भागात नर्स मिळत नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे. मी याच पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. मला हे वाक्य अर्धंच खरं वाटतं.

ज्या इथे आहेत, त्या काय करताहेत ते बघा. एक आरसीएच पोर्टलवर नोंदी चढवतेय. दुसरी बढती मिळून परिसेविका झाली. तिचा दिवस ड्युट्या लावण्यात आणि इंडेंट भरण्यात जातो. तिसरी मुलं लहान म्हणून घरी बसली ती बसलीच. तिच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं, आणि आता वॉर्डात पाऊल टाकायला ती बिचकते.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपणं मोठ्या दवाखान्यांत होऊ लागली, हे चांगलंच झालं. पण उपकेंद्रावरच्या सिस्टरची हाताची सवय त्यात मोडली. वार अडकली, रक्तस्राव थांबेना, बाळ रडेना, अशा वेळी पाठ केलेलं कामाला येत नाही. पावसात ओढा चढतो, पाड्यावरून बाईला झोळीत घालून आणतात. शहापूरहून ठाणं किंवा मुरबाडहून उल्हासनगर गाठेपर्यंत रक्त वाट बघत नाही.

उपाय नव्यानं शोधायला नको. कुशल प्रसूतीसेवेचं २१ दिवसांचं प्रशिक्षण सरकारकडे आहेच. अनुभवी नर्सना १८ महिने शिकवून मिडवाइफ करायचं, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रानं २०१८ मध्ये काढल्या. पण प्रशिक्षण म्हणजे हॉलमधल्या स्लाइड, दुपारचं जेवण आणि संध्याकाळी प्रमाणपत्र असेल, तर ते मला मान्य नाही. अंबू बॅग आधी बाहुलीवर चालवायची, मग लेबर रूममध्ये जाणत्या सिस्टरच्या शेजारी उभं राहायचं, रात्रपाळ्यासुद्धा करायच्या. घरी बसलेलीला तेवढे दिवस मानधन द्या, राहायला जागा द्या. पदरचे पैसे घालून कुणी शिकायला येणार नाही, आणि का यावं?

कुणी म्हणेल, त्यापेक्षा नव्या मुली भरा. जरूर भरा. पण कुठल्या पाड्याची वाट कधी बंद होते, कळा लपवणारी बाई कशी ओळखायची, हे वीस वर्षं काढलेलीला ठाऊक असतं. ते ज्ञान फुकट घालवणं आपल्याला परवडतं कसं?

आणि एक अट. शिकून आलेल्या सिस्टरला पुन्हा रजिस्टरपुढे बसवू नका. नोंदींसाठी वेगळा माणूस नेमा. ते जमणार नसेल, तर तिचे २१ दिवसही वाया घालवू नका.